एआयच्या उत्तराचं व्हाउचर कुठाय? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉमर्सच्या मुलांबद्दल)

टिळकवाडीकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मी बेळगावात बीकॉमच्या मुलांना अकाउंट्स आणि एमबीएच्या मुलांना बिझनेस लॉ शिकवते. १९ वर्षं झाली. बरेच दिवस मनात घोळत असलेली गोष्ट आज इथे मांडते. तुमच्यातले बरेचजण इकडचेच आहेत, काहींची मुलं याच वयाची आहेत.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या वह्या तपासत होते. प्रश्न साधा होता: जीएसटीचे दर सांगा आणि एका व्यापाऱ्याचं बिल करून दाखवा. एका मुलाने पट्टी घेऊन सुबक तक्ता आखला होता आणि त्यात ५, १२, १८, २८ असे चार दर लिहिले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ हे टप्पे बहुतेक सगळ्या मालावरून गेले. आता मुख्य दर ५ आणि १८, आणि ठरावीक चैनीच्या व घातक वस्तूंना ४०. त्याला विचारलं, "हे कुठनं घेतलंस रे?"

"एआयला विचारलं, मॅडम."

"आणि त्याला कुठनं कळलं?"

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. त्यात उद्धटपणा नव्हता. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

हा मुलगा हुशार आहे. मार्केटात काकाच्या किराणा दुकानात संध्याकाळी हिशेब लिहितो. हमालीचे चाळीस रुपये नोंदवायचे तरी चिठ्ठी मागतो. कारण पहिल्या वर्षापासून आम्ही त्याच्या डोक्यात एकच बसवलंय, व्हाउचर (व्यवहाराचा कागदी पुरावा) नाही तर नोंद नाही. तोच मुलगा मोबाइलवर आलेलं उत्तर बिनव्हाउचरचं वहीत चढवतो. हे बघून मला राग आला नाही, वाईट वाटलं. शिकवायचं आमच्याकडनं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, एआय कोण वापरतं? बहुतेक सगळे हात वर. आश्चर्य नाही. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट दिलं, ऑक्टोबरअखेर जिओने जेमिनी १८ महिने फुकट जाहीर केलं, नोव्हेंबरात चॅटजीपीटीचाही एक प्लॅन वर्षभर फुकट झाला. पोरांच्या खिशात सगळं आहे. मग विचारलं, ते चालतं कसं? "गूगलसारखं शोधतं." "आत सगळी पुस्तकं भरलेली असतात." "तिकडे माणसं बसलेली असतात, मॅडम." एकच मुलगी, कुद्रेमनीची, हळूच म्हणाली, "पुढचा शब्द कुठला येईल त्याचा अंदाज बांधतं." तिचा भाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याने सांगितलेलं.

ती म्हणाली ते बरोबर आहे. अफाट मजकूर वाचून कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो याची सवय लावलेलं हे यंत्र. खरंखोटं पडताळायला बसलेलं नाही. त्याचं वाचन एका तारखेला थांबतं, त्यानंतर दर बदलला तर इंटरनेटवर शोधल्याशिवाय त्याला पत्ता नसतो. आणि ठाऊक नसलं तरी वाक्य त्याच ठसक्यात येतं. आपल्याकडचा जुना मुनीम "बघून सांगतो" म्हणायचा. हे सहसा म्हणत नाही.

वर्गात मुलांना एक जोडही सांगितली. ज्या १९५६ साली भाषावार प्रांतरचना होऊन आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी आणि इतर काहीजण जमले आणि 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या नावाने अभ्यास सुरू झाला. म्हणजे कालपरवाचं खूळ नाही हे. चॅटजीपीटी मात्र ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, आणि आमचे अभ्यासक्रम त्याआधीच्याच जगातले आहेत. मध्ये कर्नाटकात चार वर्षांची पदवी आली, २०२४-२५ पासून परत तीन वर्षांची झाली, त्या धावपळीत याकडे बघायला कुणाला सवड?

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या दृष्टीने मोठी आहे. आमच्याकडची कितीतरी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात. पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी. ऑफिसात, बसवर, अर्जावर कन्नड. घरी आजोबा अजून रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद म्हणतात आणि वर्गात जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट. दोन्ही एकच हे सांगायला कुणी नसतं. खानापूर तालुक्यातली एक मुलगी मागच्या बाकावर दोन वर्षं गप्प बसलेली. परवा स्क्रीनला तडा गेलेला मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिने रात्री मराठीत विचारलं होतं, "डेप्रिसिएशन म्हणजे काय, शेतातल्या वस्तूवरनं सांग." एआयने ट्रॅक्टर घेतला होता. १,००,००० चा, १० टक्के. एका पद्धतीत दरवर्षी १०,००० कमी. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या वर्षी ९०,००० उरतात, दुसऱ्या वर्षी ८१,०००, कारण टक्के उरलेल्या रकमेवर. "मॅडम, हे म्हणजे घसाराच की!" तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. मी हे तिला दोन वर्षं इंग्रजीत सांगत होते.

म्हणून 'बंद करा' हे माझ्या तोंडून निघत नाही. पण डोळे झाकून सोडणंही जमत नाही. तुमच्या घरात, दुकानात, ऑफिसात काय अनुभव? मोकळेपणाने लिहा.

निपाणीकर

मॅडम, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडचा ताजा किस्सा सांगतो.

आमची विडीची एजन्सी. पुतण्या बीबीएला. सप्टेंबरात दर बदलले तेव्हा म्हणाला, काका, नवीन बिलबुकं छापायला टाकूया, मी चार्ट करून देतो. रात्रीत चार्ट तयार. विडी १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. छान रंगीत छापून आणलावता.

वडील ७४ वर्षांचे. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "हे कुणी सांगितलं? सरकारी नोटिफिकेशन दाखव." पोराकडे नोटिफिकेशन नाही. मग मी आमच्या टॅक्सवाल्यांना फोन लावला. जीएसटी कौन्सिलने ३ सप्टेंबरला विडी २८ वरून १८ वर आणायचं ठरवलं ते खरं. पण २२ तारखेला जे लागू झालं त्यातनं विडी, सिगारेट, गुटखा, पानमसाला, जर्दा हे सगळं वगळलं होतं. त्यांना त्या दिवशी जुनाच दर. एआयने बातमीचा पुढचा अर्धा घेतला, मागचा सोडला. आम्ही त्या चार्टावर बिलं फाडली असती तर टक्क्याटक्क्याचा फरक पदरचा भरायला लागला असता, वर व्याज.

पुतण्याला कुणी रागावलं नाही. वडिलांनी त्याला शेजारी बसवून तीन-चार जुनी नोटिफिकेशनं वाचायला लावली. कुठली तारीख, कुठला मथळा, 'एक्सेप्ट' हा शब्द कुठं बसतोय ते. तो म्हणाला, "आजोबा, हे कॉलेजात कुणी दाखवलंच नाही."

एमबीए_दुसरं_वर्ष

सर, मॅडम, मी विद्यार्थी आहे. थोडी आमचीही बाजू मांडू द्या.

माझा समर प्रोजेक्ट उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत होता, खेळत्या भांडवलावर. दीड महिना मी खरंच तिथे बसलो. कच्चं लोखंड किती दिवस पडून असतं, कास्टिंग गेल्यावर पैसे किती दिवसांनी येतात, सगळं वहीत उतरवलं. तेवढं काम माझं होतं. पण अहवालाला 'आधीच्या अभ्यासाचा आढावा' असा धडा लागतो आणि तो कसा लिहायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. मी एआयला सांगितलं, भारतातल्या फाउंड्री उद्योगाच्या खेळत्या भांडवलावरचे दहा शोधनिबंध दे. त्याने दिले. लेखक, साल, जर्नल, पान नंबरसकट.

व्हायवाला गाइड सरांनी त्यातले दोन शोधायला सांगितले. त्यांच्यासमोर बसून शोधले. मिळाले नाहीत. मग बाकीचे शोधले. दहापैकी सात जगात कुठेच नव्हते. त्या खुर्चीत मला जे वाटलं ते मी विसरणार नाही. दीड महिन्याच्या माझ्या खऱ्या कामावरही त्यांचा विश्वास उडाला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

मला एवढंच म्हणायचंय, फसवायचं असं मनात नव्हतं. पान नंबरसुद्धा बनावट असू शकतो हे डोक्यातच आलं नाही. माणूस खोटं बोलला तर कुठेतरी अडखळतो. इथे अडखळणं नाही.

कंग्राळी_बुद्रुक

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

माझी मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. मार्क चांगले. परवा घरच्या कर्जाचा हप्ता दोनदा कापला गेला म्हणून बँकेला अर्ज लिही म्हटलं. तिने मोबाइल काढला. मी म्हटलं, मोबाइल ठेव, हाताने लिही, चार ओळी तर आहेत. अर्धा तास कागदासमोर बसली. 'प्रति, शाखाधिकारी' याच्यापुढे गेली नाही. शेवटी रडली. मलाही भरून आलं.

मी स्वतः पॉवरलूमवर काम करत रात्रशाळेत शिकलो. अर्ज लिहिता येणं ही माझ्या पिढीची कमाई होती. जत्रेचा हिशेब, सोसायटीचा ठराव, तहसीलदाराला निवेदन, गावात लिहिणारा म्हणून मला बोलवायचे. तिच्या हातातनं हे निघून चाललंय आणि आपण 'भाषेची सोय झाली' म्हणून आनंद मानतोय. तीन वर्षं तरी बंद ठेवा. पदवी झाल्यावर वापरा काय वापरायचं ते.

टिळकवाडीकर

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलीला माझा नमस्कार सांगा. ती रडली म्हणजे तिला ते यायला हवं असं वाटतंय.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. काही कामं हाताने केल्याशिवाय बुद्धीत उतरत नाहीत. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असलं तरी आम्ही पहिल्या वर्षी खतावणी हातानेच घालायला लावतो, कारण नावे कुठे आणि जमा कुठे हे बोटांना कळावं लागतं. अर्जाचंही तसंच. त्यामुळे काही गोष्टी एआयविना, वर्गातच, कागदावर, हे मला मान्य आहे आणि मी ते सुरूही केलंय.

पण सगळीकडे बंदी घातली तर ती खानापूरची मुलगी परत मागच्या बाकावर जाईल.

खानापूर_पॅसेंजर

मॅडम, मी ती नव्हे, पण तिच्यासारखीच. रोज पहाटेची बस. शक्ती योजनेमुळे तिकिटाचे पैसे वाचतात, म्हणून कॉलेज सुरू राहिलं. बसमध्ये बसायला मिळालं तर तोच माझा अभ्यासाचा तास.

मी एआयला मराठीतच विचारते. एक गोष्ट सांगते, कदाचित तुम्हा मोठ्यांच्या लक्षात आली नसेल. त्याचं मराठी बऱ्याचदा हिंदी असतं. घसाऱ्याला 'मूल्यह्रास' म्हणतं. तेरजेला 'तलपट' म्हणालं, मला वाटलं काही वेगळंच खातं आहे. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, अगं तेरीज. तेव्हापासून मी पहिल्यांदाच सांगते, हे-हे शब्द वापर, हे-हे नको. मग नीट सांगतं.

आता माझं दुःख. एका कॉलेजात (नाव सांगत नाही) मी असाइनमेंट दिली. इंग्रजी माझी तिसरी भाषा. साधी वाक्यं लिहिते, कारण तेवढीच येतात. तिथल्या सॉफ्टवेअरने दाखवलं की हे ७८ टक्के एआयने लिहिलंय. मी तीन रात्री बसून लिहिलं होतं. कच्चा कागद दाखवला, खाडाखोड दाखवली. "सॉफ्टवेअर दाखवतंय ना" एवढंच उत्तर. शून्य मार्क. जिने खरोखर कॉपी केली होती तिला काही झालं नाही, तिने म्हणे 'माणसासारखं लिही' असं त्यालाच सांगितलं होतं.

शून्यापेक्षा मला हे जास्त लागलं की माझं इंग्रजी साधं आहे म्हणून ते माझं नाही असं ठरलं.

बंगळूर_मुक्कामी

मूळ गाव येळ्ळूर, नोकरी बंगळुरात, भाषेच्या सॉफ्टवेअरमध्येच. ताई, तुझ्याबाबत जे झालं ते चूकच होतं आणि त्याला पुरावा आहे. तो तुझ्या कॉलेजला दाखव.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असली सात डिटेक्टर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध दिले, सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे म्हणून दाखवले गेले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास बरोबर ओळखले. कारण सरळ आहे. ही डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित होता ते मोजतात. ज्याचा शब्दसाठा लहान, त्याचे शब्द अपेक्षितच असणार. म्हणजे हत्यार नेमकं तुझ्यासारख्या मुलांवर फिरतं. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. तीन भाषांच्या आपल्या पट्ट्यात तर या आकड्यावर कुणाचे मार्क कापूच नयेत.

मराठीचं तुझं निरीक्षण एकदम बरोबर आहे. ही यंत्रं शब्दाचे तुकडे करून वाचतात. देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, आणि शिकायला मिळालेला मराठी मजकूर हिंदीच्या मानाने थोडा. म्हणून हिंदीकडे झुकतात. कन्नडची अडचण वेगळी, पण त्याच जातीची. केंद्र सरकारची भाषिणी ही भाषांतराची योजना २०२२ पासून आणि मद्रास आयआयटीतला एआयफोरभारत हा संशोधन गट यावर काम करतायत, सुधारणा होतेय.

एक कामाची गोष्ट सगळ्याच विद्यार्थ्यांना. मोकळ्या चॅटमध्ये विचारण्यापेक्षा नोटबुकएलएमसारखं काहीतरी वापरा, जिथे आपल्या नोट्स, कायद्याची प्रत, कंपनीचा वार्षिक अहवाल आपण आधी टाकतो आणि ते त्यातूनच उत्तर देतं, कुठल्या परिच्छेदातून घेतलं तेही दाखवतं. मॅडमच्या भाषेत, व्हाउचर सोबत येतं. तरी ते उघडून वाचायचं. तिथेही चुकतं.

जुना_हिशेबनीस

मी उद्यमबागेत ३१ वर्षं हिशेब बघितला. टॅली आलं तेव्हा आमचीही हीच चर्चा होती, की पोरं बेरीज विसरतील. बेरीज विसरली, पण धंदा वाढला. त्यामुळे मला यंत्राची भीती नाही.

माझी काळजी दुसरी. मागच्या वर्षी एक ट्रेनी मुलगा आला, बीकॉम झालेला, कामसू. वसुलीची यादी लावून ठेव म्हटलं. अर्ध्या तासात घेऊन आला. एवढ्या लवकर कशी? त्याने सगळ्या पार्ट्यांचं लेजर, नावं, जीएसटी नंबर, थकबाकी, दोघातिघांचे पॅन, असं उचलून फुकटच्या चॅटमध्ये टाकलं होतं. कुठली पार्टी किती दिवस पैसे थकवते, ही आमच्या धंद्यात तिजोरीच्या किल्लीइतकी गोष्ट. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी त्याला माझा पहिला दिवस सांगितला. मालकांनी खतावणी हातात देताना म्हटलं होतं, "ही उघडी ठेवून चहाला जायचं नाही."

२०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा बिझनेस लॉमध्ये शिकवता का, मॅडम? शिकवत नसाल तर घ्या. आणि फुकट खात्यात काय टाकायचं नाही याची यादी भिंतीवर लावा.

चंदगडची

आम्ही हद्दीच्या अलीकडे, शिवाजी विद्यापीठात. बाजार, दवाखाना, क्लास सगळं बेळगावात. परिस्थिती तीच आहे. काजूच्या कारखान्यात हंगामात हिशेबाला जाणाऱ्या मुली बँकेची कन्नड नोटीस मोबाइलवर फोटो काढून मराठीत वाचून घेतात. ही सोय आमच्या आयांना नव्हती.

सीए_शहापूर

सगळे प्रतिसाद वाचले. आर्टिकलशिपला (सीए होण्याआधीच्या उमेदवारीला) येणाऱ्या मुलांच्या मुलाखती मी घेतो, म्हणून थोडं लिहितो.

मी आता एआय वापरता का हे विचारत नाही. एआयकडून घेतलेलं एक उत्तर त्यांना छापून देतो आणि पेन देतो. एवढंच. यात चुकीचं शोधा. नुकतंच दिलेलं असं होतं: 'भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी नसल्यास संस्था बेकायदा ठरते.' वाचायला किती बरोबर वाटतं! पण १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी नसेल तर कलम ६९ आडवं येतं, करारावरून कोर्टात दावा लावता येत नाही. संस्था बेकायदा होत नाही. रविवार पेठेतल्या कितीतरी जुन्या पेढ्या या फरकावर उभ्या होत्या. बहुतेक मुलं त्या वाक्याला बरोबरची खूण करतात.

आणखी एक. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा लागू. 'प्रीव्हियस इयर', 'असेसमेंट इयर' गेलं, 'टॅक्स इयर' आलं. एआयने जे वाचलंय त्यात साठ वर्षांचा मजकूर जुन्या कायद्याचा आहे, नव्याचा मूठभर. पुढची काही वर्षं ते जुनी कलमं नव्या मुलांच्या हातात देत राहणार. कॉमर्सच्या मुलांनी सावध राहायची हीच वेळ आहे.

आणि ही चूक फक्त पोरांची असं समजू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखल्यात दिले. ५,००० डॉलर दंड झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेलॉइटसारख्या संस्थेला ऑस्ट्रेलिया सरकारला दिलेल्या ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात नसलेले संदर्भ सापडल्यावर शेवटचा हप्ता परत करावा लागला. एमबीए_दुसरं_वर्ष, तू ज्या खुर्चीत बसलास त्याच खुर्चीत ही मंडळीही बसली. तू २२ व्या वर्षी बसलास हे बरं झालं.

एमबीए_दुसरं_वर्ष

धन्यवाद सर. तो धडा मी परत लिहिला. चारच निबंध आहेत, पण चारही वाचलेत. गाइड सरांनी फाउंड्रीचा माझा भाग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

कंग्राळी_बुद्रुक

खानापूरच्या ताईचं वाचून रात्रभर विचार केला. माझ्या मुलीच्या बाबतीत मी एक वाट काढली. रोज रात्री जेवणानंतर एक अर्ज. आधी ती हाताने लिहिते, मी बघतो. मग तोच अर्ज मोबाइलला द्यायचा आणि तो काय बदलतोय ते दोघांनी बघायचं. काल मोबाइलने 'हप्ता परत जमा करावा' याचं 'परतावा प्रदान करण्याची कृपा करावी' केलं. ती म्हणाली, "बाबा, माझंच बरंय." तिचंच पाठवलं. बंदीचं माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही, पण थोडं बाजूला ठेवलंय.

टिळकवाडीकर

काका, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. तुमची पद्धत मी वर्गात नेणार आहे, परवानगी आहे असं धरते.

या दोन आठवड्यांत मी एक प्रयोग केला, तो सांगते. असाइनमेंटसोबत एक 'व्हाउचर कागद' जोडायचा. रकाने चार. एआयला काय विचारलं, त्याने काय सांगितलं, मूळ ठिकाणी काय सापडलं (कायद्याचं कलम, नोटिफिकेशनचा नंबर व तारीख, पुस्तकाचं पान), आणि दोघांत फरक काय. एआय वापरलं म्हणून मार्क जात नाहीत. तिसरा रकाना कोरा राहिला तर जातात.

पहिल्या खेपेला निम्म्या कागदांवर तिसऱ्या रकान्यात 'गूगल' एवढंच लिहिलेलं. परत दिले. दुकानात बिल कुणी दिलं विचारल्यावर 'बाजार' सांगून चालतं का? दुसऱ्या खेपेला बदल दिसला. एका मुलाने 'अज्ञान (अल्पवयीन) व्यक्तीने केलेला करार' यावर लिहिलं होतं. एआयने करार मुळातच रद्दबातल असं सांगितलेलं. त्याने लायब्ररीतनं पुस्तक काढून मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल, १९०३, असा निवाडा शोधला आणि चौथ्या रकान्यात लिहिलं, "फरक नाही. बरोबर आहे." हा कागद मला फार आवडला. चुका शोधायच्या म्हणून तपासायचं असं नसतं. ताळा जुळला हेही लिहायचं असतं.

तक्ता आखणाऱ्या त्या मुलाने जीएसटीचं बिल परत केलं. कागदाला सप्टेंबरच्या नोटिफिकेशनची छापील प्रत टाचून आणली, आणि काकाच्या दुकानातली तूप, बिस्किटं, साबण, तेल अशी वीस मालांची यादी जुन्या आणि नव्या दराने शेजारी शेजारी. काकांनी ती गल्ल्याजवळ चिकटवलीय म्हणे.

जुने हिशेबनीस, डेटाच्या कायद्यावर पुढच्या सोमवारी एक तास ठेवलाय. तुम्ही येऊन तो ट्रेनीचा प्रसंग सांगाल का? तुमच्या तोंडून ऐकला तर मुलं विसरणार नाहीत.

जुना_हिशेबनीस

येतो. सकाळी अकराच्या आत ठेवा, दुपारी डोळ्यांत औषध घालायचं असतं. जुनी खतावणीही घेऊन येतो, मुलांना हातात धरून बघू दे.

निपाणीकर

मॅडम, तो चार रकान्यांचा कागद इथं टाका की. पुतण्याच्या वर्गातही चालवायला सांगतो. वडिलांना दाखवला तर म्हणाले, "पाचवा रकाना घाला, तारीख." दर आज बरोबर आणि उद्या चुकीचा असतोय.

टिळकवाडीकर

आजोबांचं एकदम पटलं. तारीख हवीच, ती सुटली होती. पाच रकान्यांचा करून उद्या रात्री टाकते. खानापूर_पॅसेंजर, तू मला निरोप पाठव, तुझी खाडाखोड केलेली पानं आणि त्या स्टॅनफर्डच्या अभ्यासाची प्रत घेऊन आपण दोघी तुझ्या कॉलेजात जाऊया. गुरुवारी मला दुपारनंतर वेळ आहे.

खानापूर_पॅसेंजर

निरोप पाठवलाय, मॅडम. गुरुवारी दोनची बस पकडते.